एकदा ताणलेले बोल्ट

बिघडलेली गाडी वर्कशॉपमध्ये शिरली की सगळे उस्तादची वाट बघायचे. उस्ताद म्हणजे लष्कराच्या त्या वाहन-दुरुस्ती विभागाचा हवालदार. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतंच उरलं होतं. तो हात पुसत सावकाश यायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. भोवतीचे जवान चिडीचूप. मग डोळे उघडून म्हणायचा, "तिसरा व्हॉल्व्ह." इंजिन उघडलं की तिसराच व्हॉल्व्ह जळालेला निघायचा.

नवव्या इयत्तेत शाळा सुटलेल्या माणसाला हे वैभव कानाने आणि हाताने मिळालं होतं. दिवसभरात निदान दहा जण त्याला विचारायचे, "उस्ताद, जरा बघता का?" त्या एवढ्याशा वाक्यावर त्याचा दिवस जायचा. तो वरवर कुरकुरायचा, "तुम्हाला स्वतःचे डोळे नाहीत का रे?" पण ज्या दिवशी कोणी विचारलं नाही, त्या दिवशी घरी गेल्यावर त्याला चहा कडू लागायचा.

आणि अशा दिवसांची संख्या अलीकडे वाढत चालली होती.

कारण होतं वर्कशॉपमागचं टायरचं जुनं गोदाम. नोकरीत राहूनच जवानांना इंजिनाचा डिप्लोमा करता यावा, असा वरून हुकूम आला होता. फी लष्कर भरणार. परीक्षा पास होऊन जो नोकरीच्या पुढच्या मुदतीसाठी सही करील त्याला बढती. गोदामातले टायर हलवले, भिंतींना चुना दिला, बाक मांडले. रबराचा वास मात्र तिथून हलला नाही. संध्याकाळी शहरातल्या तंत्रशाळेतल्या एक बाई स्कूटरवरून यायच्या आणि त्या वासात दोन तास शिकवायच्या.

पहिल्या बाकावर बसायचा उस्तादच्याच हाताखालचा एक जवान. पान्याची पकड त्याला उस्तादनेच शिकवली होती. जेवणाच्या सुट्टीतही त्याच्या हातात पुस्तक दिसायचं, म्हणून त्याचं नाव पडलं मास्तर. नाव ठेवलं रेडिओने. रेडिओ म्हणजे असा जवान, की जो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटणच सापडायचं नाही.

"मास्तर, माझ्या बायकोचं इंजिन सारखं तापतं," रेडिओ म्हणायचा. "तुझ्या पुस्तकात काही उपाय?"

"पाणी कमी पडत असेल. भांडी घासायला मदत कर."

सगळे हसायचे. उस्तादही हसायचा. सुरुवातीला त्यालाही ती गंमतच वाटली होती. मग एके दिवशी नव्या जातीच्या गाड्या आल्या, हलक्या इंजिनाच्या, तारांनी भरलेल्या. एक ट्रक सुरूच होईना. उस्तादने स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही. बंद इंजिन काय बोलणार? मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, जरा बघतोस का?"

वाक्य तेच होतं. फक्त पत्ता बदलला होता. उस्तादने डोळे उघडले नाहीत. गाडी सुरू झाल्याचा आवाज कानावर पडेपर्यंत तो तसाच उभा राहिला, जणू काही ऐकतोच आहे.

त्या दिवसापासून तो मास्तरला पाण्यात पाहू लागला.

पुढचं समजायला इंजिनाची एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. इंजिनाच्या वर एक जड झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. हेड आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, गॅस्केट. तो पत्रा घट्ट दाबलेला असला तरच आतलं पाणी, तेल आणि आग आपापल्या जागी राहतात. आणि तो दाबून धरायचं काम हेडच्या लांब बोल्टांचं. जुन्या गाड्यांत हे बोल्ट बोटाएवढे जाड असायचे. उस्ताद ते काढायचा, डिझेलमध्ये धुवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, तेलाचं बोट लावायचा आणि पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांत क्रमाने खोचून ठेवायचा. ज्याचा बोल्ट त्याच भोकात परत. तो पुठ्ठा बघायला दुसऱ्या विभागातली माणसं यायची. स्टोअरमधून सगळ्यांत कमी सामान मागणारा विभाग म्हणून त्याची पाठ थोपटली गेली होती.

नव्या गाड्यांचे बोल्टही तो तसेच धुऊन-पुसून पुठ्ठ्यात खोचत होता. मास्तर त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"उस्ताद, एक मिनिट बोलू?"

"बोल की. तोंडाला कुलूप आहे का?"

मास्तरने आवाज खाली आणला. "हे बोल्ट परत वापरायचे नसतात. आवळताना ते थोडे ताणले जावेत असेच बनवलेत. एकदा ताणला की त्याचा जोर गेला. दर वेळी नवे घालायचे. स्टोअरमध्ये खोकी आलीत त्यांची, कोणी उघडलीच नाहीत."

"तुला कोणी सांगितलं?"

"वर्गात बाईंनी दाखवलं."

मास्तर एवढ्या हळू बोलला होता की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं. उस्तादने मात्र सगळ्या वर्कशॉपला ऐकवलं. "ऐका रे! पोलादाचा बोल्ट एकदा वापरून फेकून द्यायचा म्हणे! कागदी रुमाल आहे का तो? नाक पुसलं की टाकला?"

"मग मास्तरच्या चपलाही एकदा घालून फेकू या," रेडिओ म्हणाला. "बाईंनी दाखवलं असेल."

हशा पिकला. उस्तादने पुठ्ठा उचलून मास्तरच्या नाकासमोर धरला. "हे बोल्ट तुझ्यापेक्षा जास्त वर्षं नोकरी करतील. जा, काम कर."

मास्तरचा चेहरा पडला. तो आपल्या जागेवर गेला. उस्तादला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतच टिकलं. घरी मुलगी गणित घेऊन बसली होती. अकरा वर्षांची, वेण्या उडवत बोलणारी. तिला सगळे ठमी म्हणायचे.

"बाबा, सहा गवंडी एक भिंत आठ दिवसांत बांधतात. चार गवंडी किती दिवसांत बांधतील?"

"दहा-बारा दिवस धर."

"धर नाही हो बाबा. बरोबर उत्तर सांगा."

"अगं, गवंड्याचं काम असं घड्याळावर चालतं का? एखादा आजारी पडतो, एखाद्या दिवशी सिमेंट येत नाही..."

"गणितात सिमेंट येतं," ठमी म्हणाली.

"मग बारा! बारा लिही आणि गप्प बस!"

"बारा कसे आले ते दाखवायचंय." तिने वही मिटली. "राहू दे. मी काकांना विचारते."

"कोण काका?"

"मास्तरकाका, पलीकडच्या क्वार्टर्सच्या ओळीतले. ते ओट्यावर खडूने भिंतच काढून दाखवतात. आम्ही चौघी जातो त्यांच्याकडे."

उस्तादने ताटातल्या भाजीकडे बघितलं. बायको म्हणाली, "अहो, त्यात रागवायचं काय? फुकट शिकवतोय बिचारा."

"मी रागावलोय असं कोण म्हणालं?"

"घास मघापासून हातातच आहे तुमच्या."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरला नेमकी संध्याकाळी कामं निघू लागली. कधी ग्रीसचा खड्डा साफ करायचा, कधी चिखलाने माखलेले ट्रक धुवायचे. "शिक्षण काय, उद्याही मिळेल," उस्ताद म्हणायचा. "चिखल वाळला तर निघत नाही." मास्तर ट्रक धुवायचा, ओल्या पँटने वर्गाकडे धावायचा आणि अर्धा तास उशिरा पहिल्या बाकावर बसायचा. तेही उस्तादला कळायचं, कारण त्याच वेळी त्याला गोदामाच्या बाजूला काहीतरी बघायचं असायचं.

मग पाण्याचा टँकर बंद पडला. नेमबाजीच्या मैदानावर भर दुपारी सगळी पलटण घशाला कोरड घेऊन उभी, आणि टँकर वाटेतच वाफ ओकत थांबलेला. पाठोपाठ रुग्णवाहिका. त्यानंतर एक ट्रक. तिन्ही नव्या जातीच्या, तिन्ही या विभागातून दुरुस्त होऊन गेलेल्या आणि तिन्हींचा आजार एकच. हेडखालच्या गॅस्केटमधून पाणी गळत होतं.

वर्कशॉपच्या प्रमुख कॅप्टन मॅडमनी उस्तादला खोलीत बोलावलं. त्या वयाने लहान होत्या, पण प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबायची त्यांना सवय होती, आणि ती थांबण्याची वेळ समोरच्याला फार लांब वाटायची.

"काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

'माहीत नाही' असं उस्ताद म्हणू शकला असता. ते खरंही होतं. पण गेल्या कित्येक दिवसांचं साचलेलं ओठावर आलं.

"स्पष्ट बोलू, मॅडम? पोरांचं लक्ष उडालंय. हात पान्यावर आणि डोकं टायरच्या गोदामात. बोल्ट आवळताना मनात परीक्षा. असं काम होतं का?"

"कोणाचं लक्ष उडालंय?"

"पहिल्या बाकावरच्याचं."

मॅडमनी मास्तरला बोलावलं. तो हात पुसत आला.

"या तीन गाड्यांवर तुम्ही होतात?"

"होतो, मॅडम."

"हेड कोणी बसवलं?"

मास्तरने उस्तादकडे पाहिलं. उस्ताद भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होता.

"आमच्या गटाने, मॅडम."

"काही सांगायचंय?"

"नाही."

मॅडम थांबल्या. पंखा फिरत राहिला. मग त्या म्हणाल्या, "वर्गाचा काही उपयोग होतो का, असं वरच्या कचेरीने विचारलंय. शिकून कामं सुधारतात का, आणि शिकलेली माणसं नोकरीत राहतात का. पहिल्या तुकडीतले दोघे पास झाले आणि दोघेही बाहेर निघून गेले. आता या गाड्या. महिनाअखेर मला मत कळवायचंय. तोवर वर्ग बंद."

मास्तरची शेवटची परीक्षा त्याच महिन्यात होती. त्याची मुदतही तेव्हाच संपत होती. पुढची सही करायची की घरी जायचं, हे त्याला ठरवायचं होतं. बाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, "उस्ताद, टँकरखाली तेल सांडलंय. पाय जपून टाका."

उस्ताद जिंकला होता. गोदामाला कुलूप लागलं. पण जिंकल्यासारखं वाटायला वर्कशॉपमध्ये थोडा तरी आवाज हवा, आणि तिथे रेडिओसुद्धा बंद पडला होता. माणसं मान खाली घालून कामं करत होती. त्याला कोणी "जरा बघता का" म्हणालं नाही आणि मास्तरलाही कोणी म्हणालं नाही.

शनिवारी बायको शेजारून बातमी घेऊन आली.

"मास्तरच्या बायकोने सामान बांधायला काढलंय. बस कंपनीत नोकरी ठरली म्हणे त्याची."

"जाऊ दे. चांगलं झालं."

"आणि म्हणतात, त्याला सगळं माहीत होतं. तुम्हाला वाचवायला गप्प बसला."

उस्तादने बुटाची नाडी सोडवता सोडवता हात थांबवला. "काय माहीत होतं?"

"ते मला काय ठाऊक? बोल्टचं काहीतरी. तुमच्यावर उपकार केलेत म्हणे त्याने. सगळी ओळ बोलतेय."

हे मात्र त्याच्या वर्मी बसलं. मास्तरला जास्त माहीत होतं, ते एक वेळ चाललं असतं. पोरीला तो आवडत होता, तेही उस्तादने कसंबसं गिळलं होतं. आता तो मनानेही मोठा होऊन बसला होता, आणि वर त्या मोठेपणाची उधारी उस्तादच्या नावावर! आपल्याला वाचवणारा हा कोण? वाचवायला आपण बुडालो होतो कधी?

त्याला एकच गोष्ट हवी होती: मास्तर चूक निघायला हवा. बोल्ट ठीक निघाले की उपकार फुकट गेले.

म्हणून रविवारी दुपारी तो एकटाच वर्कशॉपमध्ये गेला. टँकरचं उघडलेलं इंजिन तसंच पडलं होतं. त्यातला एक बोल्ट त्याने घेतला. स्टोअरची किल्ली त्याच्याकडेच असायची. तिथल्या न उघडलेल्या खोक्यातून एक नवा घेतला. टेबलावर जाड काच होती, सपाटी तपासायची. तिच्यावर दोन्ही बोल्ट डोकं खाली करून उभे केले, शेजारी शेजारी, आणि वरच्या टोकांवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

नख अडकलं.

त्याने काच पुसली. बोल्ट पुसले. पुन्हा फिरवलं. नख पुन्हा तिथेच अडकलं. जुना बोल्ट नव्यापेक्षा उंच होता. फार नाही, नखाच्या जाडीएवढा. त्याने दुसरा जुना घेतला, मग रुग्णवाहिकेचा एक. सगळे तसेच, उंच, बारीक झालेले, थकलेल्या माणसासारखे. त्याने त्यांना इतक्या मायेने धुतलं होतं, घासलं होतं, तेल लावलं होतं. त्याला पहिल्यांदा राग आला तो त्या बोल्टांचाच.

"कळलं तर."

मास्तर दारात उभा होता. स्वतःचे पाने न्यायला आला होता. हातात रिकामी पिशवी होती.

उस्तादने बोल्ट लपवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "मॅडमसमोर बोलला का नाहीस?"

"तुमच्यासमोर कसा बोलणार? पाना धरायला तुम्ही शिकवलंत."

"म्हणजे उपकार केलेस."

"उपकार कसले? मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळे मला हसले. मॅडमसमोर सांगितलं असतं तर तुम्हाला हसले असते. मला ते बघायचं नव्हतं, बस."

"मग पळतोस कशाला? सगळे असेच. लष्कराच्या पैशाने शिकायचं, बाहेर भाव आला की टाटा."

मास्तर पाने पिशवीत भरत होता. तो थांबला. इतक्या दिवसांत उस्तादने त्याला पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं.

"शिकलो म्हणून नाही जात, उस्ताद. शिकून काय उपयोग, म्हणून जातोय. ट्रक धुवायला डिप्लोमा कशाला लागतो? मला इथेच राहायचं होतं. बस कंपनी काही फार मोठी नाही. पण तिथे निदान विचारतात, 'तुला काय वाटतं?'"

'विचारतात' हा शब्द उस्तादच्या आत कुठेतरी जाऊन बसला. या शब्दाची भूक काय असते ते त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? ती भूक या पोराच्या पोटातही असेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"आमच्या वेळी नव्हता असला वर्ग," तो पुटपुटला. "कोणी फी भरली नाही आमची."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे?"

"तुम्ही रोज संध्याकाळी गोदामाच्या मागच्या खिडकीवरून चकरा मारता. तिकडे रस्ता नाही, उस्ताद. नुसती भिंत आहे."

उस्तादच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मास्तरने पिशवी खांद्याला लावली आणि तो गेला. त्याने ते टोचायला म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त टोचलं.

सोमवारी सकाळी उस्तादने दोन बोल्ट कॅप्टन मॅडमच्या टेबलावर उभे केले. तो फार थोर मनाने गेला होता असं नाही. रात्रभर त्याला एकच गोष्ट सतावत होती: मास्तर निघून गेला, तर हा मोठेपणा कायमचा त्याच्याकडे राहील आणि आपल्याकडे फक्त त्याचं ओझं. ते ओझं उतरवायचा दुसरा रस्ता त्याला दिसत नव्हता.

"नख फिरवून बघा, मॅडम. जुना लांब झालाय. हे बोल्ट मी परत वापरले. तिन्ही गाड्यांत."

मॅडमनी नख फिरवलं. मग विचारलं, "हे परत वापरायचे नसतात, असं तुम्हाला कोणी आधी सांगितलं होतं?"

इथे अजून एक पळवाट होती. 'नाही' म्हटलं असतं तर तो फक्त अडाणी ठरला असता. अडाणीपणाबद्दल कोणी शिक्षा करत नाही. मॅडम थांबल्या होत्या.

"सांगितलं होतं. मास्तरने."

"मग?"

"मला आवडलं नाही."

"काय आवडलं नाही?"

"त्याला माहीत असणं."

बाहेर कोणीतरी ट्रक सुरू करत होतं. मॅडमनी दोन्ही बोल्ट टेबलाच्या कडेला सरकवले.

"तुम्हाला लेखी समज मिळेल. या वर्षीची बढतीही थांबेल."

"होय, मॅडम."

"आणि वर्गाबद्दल मी काय कळवू? परवा तुम्हीच म्हणालात, त्याने लक्ष उडतं."

हे बोलणं बोल्टांपेक्षा जड गेलं. "कामाला फायदा होतो असं कळवा. आम्ही होऊ दिला तर. माणसं राहतील की जातील ते वर्गावर नाही, मॅडम. शिकून आलेल्याचं इथे कोणी ऐकून घेतंय का, त्यावर आहे."

"तुमच्याच शब्दांत लिहू?"

"माझ्या शब्दांत नको. माझं शुद्धलेखन वाईट आहे."

मॅडम पहिल्यांदा हसल्या.

गोदामाचं कुलूप त्याच संध्याकाळी निघालं. मास्तरने परीक्षा दिली. सही मात्र केली नाही. बस कंपनीनेही त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. मॅडमनी दोन दिवस ठरवून सगळ्या वर्कशॉपला गोदामात एकत्र बसवलं. नव्या इंजिनाचं हेड कसं बसवायचं, ते मास्तर दाखवणार होता.

रेडिओला पुन्हा कंठ फुटला होता. "उस्ताद, पुढे बसा. पहिला बाक रिकामा आहे."

"तू बस. तुला दुरून ऐकू येत नाही, स्वतःचाच आवाज मध्ये येतो."

उस्ताद सगळ्यांच्या मागे खांबाला टेकून उभा राहिला. मास्तर फळ्यासमोर. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळलेल्या. एके काळी त्या आपल्या मिटलेल्या डोळ्यांवर खिळायच्या, हे उस्तादला आठवलं आणि जुनी असूया पुन्हा जागी झाली. कबुली दिली म्हणून ती गेली नव्हती.

"प्रत्येक धातूला एक स्थितिस्थापकतेची मर्यादा असते," मास्तर फळ्यावर वक्ररेषा काढत म्हणाला. "ताण त्या मर्यादेपलीकडे गेला की कायमचं विरूपण होतं. म्हणून हा बोल्ट आधी ठरलेल्या जोराने, मग ठरलेल्या कोनात..."

तो सगळं बरोबर सांगत होता आणि कोणालाच काही समजत नव्हतं. माना डोलत होत्या, डोळे मात्र कोरे होते. कोऱ्या डोळ्यांची ती जात उस्ताद ओळखून होता. नवी पोरं हाताखाली घेता घेता त्याची हयात गेली होती. मास्तरही ओळखत असणार, कारण तो घाईघाईने तेच पुन्हा सांगू लागला, आणखी मोठ्या शब्दांत. ठमीला ओट्यावर भिंत काढून दाखवणारा हा माणूस मोठ्या माणसांपुढे घाबरला होता.

उस्ताद एकदा गप्प राहिला. दुसऱ्यांदाही राहिला. तिसऱ्यांदा 'विरूपण' ऐकल्यावर त्याला राहवेना.

"अरे, चड्डीचं इलॅस्टिक!" तो खांबापासून ओरडला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"नवी चड्डी घातली की इलॅस्टिक ताणतं आणि परत येतं. येतं ना? म्हणून कंबर धरून ठेवतं. आता ती चड्डी रेडिओने एकदा घातली." हशा. "त्याची कंबर बघा. इलॅस्टिक गेलं ताणलं. आता तीच चड्डी तुम्ही कितीही धुवा, इस्त्री करा, तेल लावा. घातली की काय होईल?"

"खाली येईल!" चार-पाच जण एकदम ओरडले.

"भर मैदानात येईल. टँकरचं तेच झालं. बोल्ट मीच धुतला होता, चकचकीत होता, पण धरत नव्हता. दिसायला चांगला म्हणून धरेलच असं नाही. कळलं?"

कळलं होतं. ते उस्तादला डोळ्यांवरून दिसलं. रेडिओ उभा राहून कंबर चाचपत होता, लोक हसता हसता एकमेकांना समजावत होते, आणि मागच्या रांगेतला एकजण विचारत होता, "उस्ताद, पण मग पहिल्यांदा किती ताणायचं ते कसं कळणार?"

"ते त्याला विचार," उस्ताद म्हणाला. "ते मला येत नाही."

मग त्याने मास्तरकडे पाहिलं. मास्तर खडू घट्ट धरून उभा होता. तो हसत होता, पण कपाळावर एक बारीक आठी होती आणि ओठ नको तितके मिटलेले होते.

"मी तेच सांगणार होतो," मास्तर म्हणाला.

"सांगणार होतास. सांगितलं मी."

"उद्या कोनाचा भाग आहे. तो मी असा सांगेन, की तुमची चड्डी विसरतील सगळे."

"बघू की."

मास्तरने फटकन फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून आकृती काढायला घेतली, आता मोठी, सोपी, खडू करकर वाजवत. उस्ताद त्याच्या पाठीकडे बघत राहिला. ती आठी त्याच्या चांगल्याच ओळखीची होती. किती दिवस तीच तो स्वतःच्या कपाळावर घेऊन फिरत होता. ज्याला अशी आठी पडते त्याचा पाय तिथून निघत नाही, हे उस्तादइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. बस कंपनीने आता दुसरा माणूस बघावा, असं त्याच्या मनात आलं. मास्तरची सही व्हायला आणखी आठवडा गेला, पण उस्तादने त्या दिवसानंतर त्याबद्दल कोणाला काही विचारलं नाही.